बांध नेमका कुठून जातो

भूगोल हा विषय आर्ट्सचा की सायन्सचा, याचा निकाल आपल्याकडे अजून लागलेला नाही. आमच्या विद्यापीठाने त्यावर काढलेला तोडगा अस्सल होता. बी.ए. करून आलेल्याला एम.ए. द्यायची आणि बी.एस्सी. करून आलेल्याला एम.एस्सी. बाकं तीच, सर तेच, जर्नल तेच, डम्पी लेव्हलच्या तिपाईचा निखळणारा पाय धरून उन्हात उभं राहण्याची पाळीही दोघांना सारखीच. दोन वर्षांनी एक जण कलेत पारंगत होऊन बाहेर पडायचा आणि त्याच्याच बाकावरचा दुसरा विज्ञानात. लग्नाच्या स्थळांमध्ये दुसऱ्याला भाव जरा बरा मिळे, एवढाच काय तो दोघांतला वैज्ञानिक फरक.

पूर्वी भूगोल घेतला म्हटलं की पाहुणे मंडळी लगेच मंगोलियाची राजधानी विचारत. आता अभ्यासक्रमाच्या नावापुढे जीआयएस लागलं, तेव्हापासून प्रश्न बदलला आहे. ‘म्हणजे ते गुगल मॅपच ना?’ आपण घसा साफ करून भौगोलिक माहितीची प्रणाली, तिचे थर, तिचं विश्लेषण असं काही सांगायला लागतो, तोवर पुढचा प्रश्न तयार असतो. ‘पण ते तर फुकट मिळतं. त्याला दोन वर्षं कशाला?’

दोन वर्षांतलं पहिलं सत्र टोपोशीटचं, म्हणजे स्थलदर्शक नकाशांचं. भारतीय सर्वेक्षण विभाग, स्थापना १७६७, मुख्यालय डेहराडून, प्रमाण १:५०,०००, दोन समोच्च रेषांमधलं अंतर २० मीटर. हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यावं लागतं. पुण्यातला माणूस आपला पत्ता मारुतीच्या किंवा गणपतीच्या देवळावरून सांगतो. भूगोलाच्या विद्यार्थ्याचं पुणे ४७ एफ १४ या शीटमध्ये असतं आणि पर्वतीच्या आसपास ते संपून ४७ एफ १५ सुरू होतं. इथे भूगोलातला एक नियम लागू होतो. तो कुठल्याही पुस्तकात छापलेला नाही, पण त्याला अपवाद पाहिलेला नाही: तुम्ही प्रकल्पासाठी निवडलेलं गाव नेहमी चार शीटच्या कोपऱ्यावर येतं. त्यातल्या तीन मिळतात. चौथी कपाटात असते आणि कपाटाची किल्ली शिपाईमामांकडे असते.

त्यातही रत्नागिरी-रायगडकडच्या मुलांचे हाल वेगळे. किनाऱ्यालगतच्या जुन्या शीटवर ‘रिस्ट्रिक्टेड’ असा शिक्का. आपल्याच गावाचा नकाशा पाहायचा तर अर्ज, त्यावर विभागप्रमुखांची सही, आणि मग मामांचा मूड. तोच मुलगा तोवर खिशातल्या फोनवर आपलं घर, घराची कौलं आणि अंगणात वाळत घातलेली आमसुलं न्याहाळत बसलेला असे. २०१६ मध्ये तर एका विधेयकाचा मसुदा आला होता. परवान्याशिवाय नकाशाची माहिती गोळा केली, चुकीची दाखवली, तर दंड १०० कोटी रुपयांपर्यंत. होस्टेलच्या मेसचं बिल थकवलेल्या मुलांना तेव्हा स्वतःबद्दल एकदम आदर वाटायला लागला. आपल्याकडून एवढी वसुली होऊ शकते असं सरकारला वाटतं, ही साधी गोष्ट नाही. तो मसुदा पुढे गेला नाही. १५ फेब्रुवारी २०२१ ला उलटं घडलं आणि भारतीयांसाठी नकाशांवरची बरीचशी बंधनं उठली. मामांना हे सांगितलं. ते म्हणाले, ‘आपल्याकडं परिपत्रक नाही आलं.’

स्फूर्ती म्हणून सर आम्हाला दरवर्षी नैनसिंग रावत सांगत. गोष्ट खरोखर विलक्षण आहे. १८६५ मध्ये हा कुमाऊँकडचा शिक्षक यात्रेकरूच्या वेषात ल्हासाला निघाला. हातातल्या जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी. शंभर पावलं झाली की एक मणी ओढायचा, म्हणजे एक माळ पुरी झाली की दहा हजार पावलं. पाऊल इतकं घोटून बसवलेलं की दोन हजार पावलांचा एक मैल. प्रार्थनाचक्रात मंत्राऐवजी नोंदींचे कागद. असा माणूस हिमालय ओलांडून तिबेट मोजून आला. तीच गोष्ट राधानाथ सिकदारांची. १८५२ च्या सुमाराला आकडेमोड करून त्यांनी पंधराव्या क्रमांकाचं शिखर जगात सर्वांत उंच ठरवलं, आणि त्या शिखराला नाव मिळालं निवृत्त होऊन विलायतेला गेलेल्या साहेबाचं. हे सगळं ऐकून रक्त सळसळतं आणि त्या भरात आम्ही प्रिझमॅटिक कंपास घेऊन विद्यापीठाचं आवार मोजायला निघत असू. आंब्यापासून निघायचं, कोन घेत घेत फेरी मारायची आणि परत आंब्यापाशी यायचं. कागदावरची फेरीही तिथेच मिटली पाहिजे. एका गटाची फेरी लेडीज होस्टेलच्या भिंतीपलीकडे जाऊन मिटली. सरांनी कागद उजेडाला धरला आणि शांतपणे विचारलं, ‘हा क्लोजिंग एरर आहे की हेतू?’

दुसऱ्या सत्रात आम्ही उन्हातून उठून संगणकासमोर बसलो. इथलं मुख्य काम डिजिटायझिंग. म्हणजे जुन्या नकाशावरची प्रत्येक रेघ माउसने पुन्हा गिरवायची. बालवाडीत गिरवणं सुरू होतं आणि पदव्युत्तरला संपतं, असं शिक्षणाचं वर्तुळ फक्त आमच्याच विषयात पूर्ण होतं. शीटचं वाटप चिठ्ठ्या टाकून होई. ज्याला परभणीची शीट निघाली तो सुखी. एक समोच्च रेषा सकाळी गिरवली की दुसरी येईपर्यंत तालुका बदलतो. त्याचं काम उरकून तो चहाला जायचा तेव्हा महाबळेश्वरवाला डोळ्यांत तेल घालून सावित्रीच्या खोऱ्यात शिरलेला असायचा. तिथे वीस-वीस मीटरच्या रेषा शेवयांसारख्या एकमेकींना चिकटलेल्या. कुठली सातशेची आणि कुठली सातशेवीसची हे फक्त सह्याद्रीलाच ठाऊक. सह्याद्रीबद्दल मराठी माणसाने जे काही अभिमानाने लिहून ठेवलं आहे, ते लिहिणाऱ्यांपैकी कुणी तो माउसने गिरवला नसावा, एवढं नक्की.

गिरवून झालं तरी सुटका नाही. जुनी टोपोशीट एव्हरेस्टसाहेबांच्या १८३० सालच्या पृथ्वीवर बेतलेली आणि जीपीएसची पृथ्वी वेगळी. दोन्हींचा आकार किंचित निराळा, मध्यबिंदूही एका जागी नाहीत. रूपांतर न करता एकावर दुसरी ठेवली तर आपल्या भागात सगळं शे-सव्वाशे मीटर सरकतं. देऊळ नदीत जातं, नदी शाळेतून वाहते आणि शाळा, बऱ्याचदा, दारूच्या दुकानावर येऊन थांबते. शिवाय शेजारशेजारची दोन गावं दोन मुलांनी गिरवली की मधे एक लांबट, चिंचोळी पट्टी उरते. ती या गावातही नसते आणि त्याही गावात नसते. अख्ख्या महाराष्ट्रात कुणाच्याच मालकीची नसलेली जमीन मी तेवढीच पाहिली. सर म्हणायचे, ती पुसून टाका. शेतकऱ्यांच्या पोरांचा हात ती पुसायला धजत नसे.

अक्षांश आणि रेखांश यांचा क्रम हा तर कायमचा घोळ. आपण म्हणतो आधी अक्षांश. कित्येक सॉफ्टवेअरना हवा असतो आधी रेखांश. दोघांची अदलाबदल झाली की पुणे उत्तर ध्रुवाकडे रवाना होतं आणि नॉर्वेच्या बेअर आयलंडच्या थोडं दक्षिणेला बॅरेंट्स समुद्रात बुडतं. दरवर्षी एखादा तरी प्रकल्प तिथे पोचतो. कसबा, शनिवार, नारायण, सगळ्या पेठा बर्फाळ पाण्यात ओळीने. वाहतुकीचा अभ्यास असेल तर एका दृष्टीने ते बरंच.

मग येतं नावांचं प्रकरण. नकाशातली गावं आणि जनगणनेच्या तक्त्यातली गावं नावावरून जुळवायची. एकट्या पुण्याच्या आसपास वडगाव बुद्रुक, वडगाव खुर्द, वडगाव शेरी आणि वडगाव मावळ. त्यात इंग्रजी स्पेलिंग एकाने डब्ल्यूने केलेलं, दुसऱ्याने व्हीने, तिसऱ्याने मधे एक जादा ए घालून. संगणक म्हणतो, ही सगळी वेगळी. विद्यार्थी म्हणतो, निदान दोन तरी एक आहेत. आणि आकडे कुठले? २०११ चे. २०२१ ची जनगणना झालीच नाही, म्हणून सगळ्या प्रबंधांतला महाराष्ट्र २०११ मध्ये थांबला आहे. तेव्हा सहा वर्षांचा म्हणून मोजला गेलेला मुलगा आता पदव्युत्तरला येऊन तोच तक्ता रंगवतो, शून्य ते सहा वयोगटाला फिकट पिवळा रंग देतो. स्वतःलाच देतो.

रिमोट सेन्सिंगच्या पहिल्या तासाला सर पडद्यावर सह्याद्री लावतात आणि तो लालभडक निघतो. निरोगी झाडी डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण भरपूर परतवते. ते दिसावेत म्हणून त्यांना लाल रंग द्यायचा अशी रीत आहे. महिनाभरात डोळे सरावतात. मग एसटी ताम्हिणीत शिरली की इतर प्रवासी ‘काय हिरवंगार आहे!’ म्हणतात आणि आमच्यातला एखादा खिडकीतून बघत पुटपुटतो, ‘मस्त लाल.’ शेजारचा माणूस पिशवी उचलून दुसऱ्या सीटवर जातो.

कोकणाची गंमत आणखी वेगळी. साध्या कॅमेऱ्याच्या उपग्रहाला ढगातून काही दिसत नाही. रडारवाल्याला दिसतं, पण ती चित्रं अशी की पाहणाऱ्याला काही दिसत नाही. म्हणून सगळे जानेवारी-फेब्रुवारीची, निरभ्र आकाशाची चित्रं घेतात. पाऊस हा ज्या भूमीचा मुख्य उद्योग, तिच्यावरचे जाडजूड प्रबंध उघडून बघा, एक थेंब सापडायचा नाही. विद्यापीठाच्या दप्तरी कोकणात बारा महिने फेब्रुवारी असतो.

आणि हिवाळ्यातल्या चित्रात सावल्या असतात. हे उपग्रह साधारण सकाळी साडेदहाच्या सुमाराला वरून जातात. सूर्य तेव्हा आग्नेयेला कललेला, म्हणजे सह्याद्रीचे पश्चिमेकडचे कडे सावलीत. संगणकाला सांगितलं की काळं दिसेल ते पाणी, की तो प्रत्येक कड्याखाली तळं मांडून ठेवतो. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याखाली असं एक प्रशस्त तळं आमच्या एका मित्राला सापडलं. त्याने क्षेत्रफळ काढलं, साठ्याचा अंदाज बांधला, भोवताली एक किलोमीटरचा बफर टाकून कुठल्या वाड्यांना लाभ होईल तेही दाखवलं. सर म्हणाले, जागेवर जाऊन खात्री करून ये. याला आमच्यात ग्राउंड ट्रुथ म्हणतात. पायथ्याच्या वाडीत दोन हंडे डोक्यावर घेतलेल्या एक मावशी भेटल्या. याने विचारलं, इथे तळं कुठे आहे? मावशी हंडे न उतरवता म्हणाल्या, ‘तुला ठावं असंल तर आमाला पण दाव बाबा.’ प्रबंधात या वाक्याची नोंद ‘अचूकतेचं मूल्यमापन’ या प्रकरणात आहे.

बाकी, भूगोल जितका शिकत जावा तितकी रेघ पुसट होत जाते, हा या विषयाचा छुपा अभ्यासक्रम. शाळेत भारताचा किनारा ७,५१६ किलोमीटर पाठ केला होता. आता नव्याने मोजला तर तो ११,०९८ किलोमीटर निघाला. समुद्र कुठे गेला नाही, जमीन आली नाही. पूर्वी मोठी पट्टी लावली होती, आता बारीक लावली, त्यामुळे प्रत्येक खाडी आणि प्रत्येक खाच हिशेबात आली. मँडेलब्रॉट या गणितज्ञाने १९६७ मध्ये ब्रिटनच्या किनाऱ्याबद्दल हेच दाखवलं होतं. पट्टी जेवढी लहान तेवढा किनारा लांब, आणि याला अंत नाही. वर्गात हे ऐकताना फार मौज वाटते. हेच वाक्य गावाकडे, शेताच्या कडेला उभं राहून उच्चारण्याची मात्र सोय नाही.

आमच्या काकांचा आणि शेजारच्या तात्यांचा बांधावरून वाद माझ्या जन्माआधीपासूनचा. मी जीआयएस घेतलं हे कळल्यावर घरात खरा आनंद झाला तो काकांना. इतक्या वर्षांत घरातलं पोर पहिल्यांदाच काहीतरी उपयोगाचं शिकत होतं. सुट्टीत गेल्या गेल्या ते मला शेतावर घेऊन गेले. ‘तो उपग्रह वरनं सगळं बघतो म्हणतोस न्हवं? मग तात्यानं बांध कवा कोरला ते त्याला दिसलंच असंल.’

मी समजावू लागलो. ‘काका, आम्ही शिकलो त्या आपल्या उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका साडेतेवीस मीटरचा. म्हणजे साधारण साडेपाच गुंठे. त्यात आपला बांध, तात्यांचा बांध, विहीर, आंबा, सगळं एकाच रंगात येतं.’ खरं तर आमच्या भावकीतले आणि शेजारचे लोक इतक्या सामोपचाराने एकत्र राहतात अशी पंचक्रोशीतली ती एकमेव जागा. काकांना ते पटलं नाही. युरोपवाल्यांच्या उपग्रहाचा ठिपका दहा मीटरचा असतो आणि तो जवळजवळ बरोब्बर एक गुंठा भरतो, हे ऐकून मात्र ते थबकले. ३३ फूट बाय ३३ फुटाचा गुंठा अवकाशातूनही चुकत नाही, याचा त्यांना अभिमान वाटला. लगेच म्हणाले, ‘पण वाद दीड हाताचा हाय.’

शेवटी मोबाईलचं जीपीएस लावून मी बांधावरून चालायला सुरुवात केली. उघड्यावर त्याची चूक पाचेक मीटर. मी बांधावर आणि पडद्यावरचा निळा ठिपका तात्यांच्या कांद्यात. मी जागच्या जागी थांबलो तरी ठिपका हिंडत होता. कांद्यातून निघून तो आमच्या विहिरीत उतरला, काठावर आला, पुन्हा कांद्यात गेला. तात्या पलीकडून बघत होते. ‘काय रं, आता मोबाईल घिऊन रानात शिरायला लागला व्हय तुमी?’

वॉल्डो टोबलर नावाच्या भूगोलज्ञाने १९७० मध्ये भूगोलाचा पहिला नियम सांगितला. त्याचा आशय असा की सगळ्याचा सगळ्याशी संबंध असतो, पण जवळच्यांचा दूरच्यांपेक्षा जास्त. त्याने तो डेट्रॉइटच्या लोकसंख्येवर बसवला. खर्च वाचला असता. आमच्या काकांचं परभणीतल्या एकाही माणसाशी आजवर भांडण झालेलं नाही.

काकांनी मग माझा नाद सोडला आणि पैसे भरून अतितातडीची मोजणी लावली. तिचा अर्थ तेव्हा इतकाच की साधी मोजणी लावणाऱ्यांपेक्षा आपण जरा कमी म्हातारे असताना भूकरमापक येई. तो आला. पूर्वीसारखी ३३ फुटी साखळी नव्हती. खांबावर बसवलेला रोव्हर होता, आभाळातल्या उपग्रहांशी आणि जमिनीवरच्या केंद्राशी एकाच वेळी बोलणारा, चुकला तर दोन-चार सेंटिमीटरने चुकणारा. बघायला निम्मं गाव जमलं. प्रत्येकाला बांध कुठून जातो हे नेमकं माहीत होतं आणि कुणाचाच बांध दुसऱ्याच्या बांधाशी जुळत नव्हता. भूकरमापकाने कुणाचंच ऐकलं नाही. खांब रोवत, आकडे बघत तो चालत राहिला आणि त्याच्यामागे माणूस चुन्याची रेघ ओढत गेला.

रेघ एका टोकाला काकांच्या बाजूला सरकली, दुसऱ्या टोकाला तात्यांच्या. हिशेब साधारण फिटला. पण भूकरमापक तिथे थांबला नाही. तो शेताच्या वरच्या अंगाला गेला आणि तिथून त्याने आडवी रेघ ओढायला सांगितली. ती काकांच्या गोठ्यातून निघाली, तात्यांच्या कांदाचाळीतून गेली आणि पलीकडे बाहेर पडली. जुन्या नकाशाप्रमाणे तिथे पाणंद होती. गाड्यांची, गावाची, सरकारी. दोघांच्याही वाडवडिलांनी ती आपापल्या बाजूने इतक्या निगुतीने आत घेतली होती की मधे काही रस्ता होता हे दोन पिढ्या कुणाच्या ध्यानातही नव्हतं.

मोजणीच्या नकाशाची ‘क’ प्रत हातात पडली त्या दिवशी तात्या आमच्या ओसरीवर आले. चहा झाला. काकांनी त्यांना ‘तात्यासाहेब’ म्हटलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. मोजणी चुकली आहे, यंत्रात बिघाड आहे, आभाळ भरून आलेलं होतं, यावर दोघांचं एकमत होतं. निमताना मोजणीचा, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणीचा अर्ज दोघांनी मिळून करायचा आणि सोमवारी एकाच मोटारसायकलवरून तालुक्याला जायचं असं ठरलं. तात्यांनी मला जवळ बोलावलं.

‘ते तुझं साडेपाच गुंठ्याचं चित्र हाय न्हवं, त्यात ही पाणंद दिसती का?’

‘नाही तात्या. त्यात काहीच दिसत नाही.’

‘मग त्याचीच प्रिंट काढून दे,’ तात्या म्हणाले. ‘दोन काढ. एक माझ्या फायलीला, एक तुझ्या काकाच्या.’